पाय मुरगळलाय? बर्फ बाजूला ठेवा, पाय हलवायला लागा

माझा डावा घोटा दोनदा मुरगळला. पहिल्यांदा राजगडावरून गुंजवण्याकडे उतरताना, ऑगस्टमध्ये, चोर दरवाज्याच्या खालच्या घसाऱ्यावर पाय आतल्या बाजूला वळला आणि सगळं वजन बाहेरच्या कडेवर आलं, तेव्हा मी तेच केलं जे आपण सगळे करतो, घरी आल्याबरोबर बर्फ, दिवसातून पाच-सहा वेळा बर्फ, पाय उशीवर आणि तीन आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही कारण घरात सगळ्यांचं तेच म्हणणं, "हलवू नकोस, वाढेल." सूज उतरली पण पाय आखडला तो आखडलाच. जमिनीवर उकिडवं बसता येईना, पायऱ्या उतरताना घोट्यात कळ यायची, आणि दोन वर्षांनी सोसायटीच्या गेटसमोर, साध्या सपाट रस्त्यावर एका छोट्याशा खड्ड्यात तोच पाय परत मुरगळला.

दुसऱ्या वेळी एका फिजिओकडे गेले आणि त्यांनी दुसऱ्याच दिवसापासून पाय हलवायला लावला. बर्फाचं विचारलं तर म्हणाल्या की रात्री ठणका सहन होत नसेल तर दहा मिनिटं ठेव, पण त्याने पाय बरा होईल असं समजू नकोस, बरा करणार तो तुझा पायच. सहाव्या आठवड्यात मी सिंहगड आतकरवाडीच्या वाटेने चढून उतरले. तेव्हापासून ओळखीत कुणाचाही पाय मुरगळला की मी हे सगळं सांगत बसते, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू.

आधी एक गोष्ट, आणि ही प्लीज सोडून पुढे जाऊ नका. हाड मोडलंय का ते आधी बघायचं. कॅनडातल्या ओटावामध्ये डॉक्टरांनी यासाठी एक सोपी पद्धत बनवली, १९९२ मध्ये ती आली आणि आज जगभर वापरतात. घोट्याचं बाहेरचं हाड, त्याची मागची कड, टोकापासून वर साधारण ६ सेंटिमीटर एवढ्या भागात बोटाने दाबून बघा. मग आतल्या बाजूच्या हाडाचं तसंच. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध, करंगळीच्या रेषेत जो हाडाचा उंचवटा लागतो तो, आणि पावलाच्या आतल्या बाजूला घोट्याच्या थोडं पुढे जे हाड लागतं ते. यातल्या कुठल्याही ठिकाणी हाडावरच दुखत असेल, किंवा लागलं तेव्हाही आणि आत्ताही ४ पावलं टाकता येत नसतील (लंगडत का होईना, पण ४), तर आधी एक्सरे. पाय वाकडा दिसतोय, बोटं बधिर किंवा थंड पडलीत, मागून कुणीतरी फटका मारल्यासारखा आवाज होऊन टाचेच्या वर दुखायला लागलंय आणि आता चवड्यावर उभंच राहता येत नाही, तर हे मुरगळणं नाही, त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे जा. लहान मुलांचं वेगळं असतं, त्यांच्या वाढत्या हाडाचा टोकाकडचा भाग लिगामेंटपेक्षा (म्हणजे हाडाला हाडाशी बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्टीपेक्षा) कच्चा असतो त्यामुळे मूल पाय टेकवत नसेल तर घरी प्रयोग नको. डायबेटिस असून पायाची संवेदना कमी झालेली असेल तरी नको, कारण पुढे जे सांगणार आहे ते सगळं "दुखतंय किती" यावर चालतं आणि तिथे दुखणं नीट कळत नाही.

आता बर्फाचं. हे आलं कुठून, तर १९७८ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर गेब मर्किन यांनी आपल्या पुस्तकात राइस हा शब्द दिला, रेस्ट, आइस, कॉम्प्रेशन, एलिव्हेशन, म्हणजे विश्रांती, बर्फ, घट्ट पट्टी आणि पाय उंच. लक्षात ठेवायला इतका सोपा की तो शाळेच्या पीटी सरांपासून क्रिकेट कोचपर्यंत सगळीकडे पोचला. पण २०१४ मध्ये याच मर्किन यांनी स्वतः लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती या दोन्हींमुळे बरं व्हायला मदत होण्याऐवजी उशीर होऊ शकतो. ज्याने नियम बनवला त्यानेच तो मागे घेतला, मला या गोष्टीचं खूप कौतुक वाटतं, आणि वाईट याचं वाटतं की पहिली गोष्ट घरोघरी पोचली आणि दुसरी नाही. त्याच्या आधी २०१२ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये पोलीस नावाचं सूत्र आलं होतं, त्यात विश्रांती काढून तिथे "योग्य तेवढा भार" आला, बर्फ मात्र राहिला होता. मग २०१९ मध्ये कॅनडातल्या दोघा फिजिओंनी पीस अँड लव्ह नावाचं नवीन सूत्र मांडलं, त्यात बर्फ पूर्णच गेला.

कारण काय, तर सूज म्हणजे काही बिघाड नाही, ती दुरुस्ती आहे. लिगामेंट ताणलं किंवा थोडं फाटलं की तिथल्या रक्तवाहिन्या मुद्दाम सैल होतात, पाणी आणि पांढऱ्या पेशी बाहेर येतात, त्यातल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी तुटकं-फुटकं गिळून साफ करतात आणि त्याच पेशी पुढच्या पेशींना वाढा म्हणून निरोप देणारी रसायनं सोडतात. बर्फाने रक्तवाहिन्या आवळतात, म्हणजे ही सगळी मंडळी उशिरा पोचतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हा उशीर दिसलाय. माणसांत बर्फ लावून मुरगळलेला पाय लवकर बरा होतो असा पक्का पुरावा एवढ्या वर्षांत मिळालेला नाही. बर्फ विष नाहीये हेही सांगते, दुखणं तो नक्की कमी करतो, पण तेवढंच करतो.

मग सूज उतरणार कशी? हे समजलं ना की पुढचं सगळं आपोआप पटतं. सुजेतलं पाणी आणि कचरा परत न्यायचं काम लसिकावाहिन्यांचं, आणि त्यांना हृदयासारखा पंप नाही. आत एकाच दिशेला उघडणाऱ्या झडपा असतात आणि आजूबाजूचा स्नायू आवळला-सैल झाला की पाणी एकेक पायरी वर सरकतं. पोटरीचा स्नायू हलला नाही तर सुजेतलं पाणी तिथेच साचून राहतं, मग तुम्ही किती का बर्फ ठेवा. दुसरं म्हणजे लिगामेंट जुळताना जे नवीन धागे तयार होतात ते सुरुवातीला सुताच्या गुंत्यासारखे कसेही पडलेले असतात, त्यांच्यावर हलका ताण यायला लागला की ते ताणाच्या दिशेने सरळ होतात आणि मग ते घट्ट होतात. पाय तीन आठवडे उशीवरच राहिला तर गुंता तसाच राहतो. माझा पहिल्या वेळेचा घोटा तसाच झाला होता.

ठीक आहे, आता करायचं काय.

पहिले दोन-तीन दिवस. आराम करायचा, पण आराम म्हणजे पाय पुतळ्यासारखा ठेवणं नाही. जास्त चालणं, उभं राहून स्वयंपाक, स्कूटर, हे बंद. क्रेप बँडेज बांधा, बोटांच्या मुळापासून सुरू करून वर पोटरीकडे, खाली थोडं घट्ट आणि वर थोडं सैल, बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सोडा, आणि झोपताना काढून ठेवा. बसलेले असाल तेव्हा पाय छातीपेक्षा उंच. आणि दर तासाला, जागे असाल तेव्हा, पंजा हळूच स्वतःकडे ओढा आणि मग पुढे ढकला, १५-२० वेळा. बोटं आवळा, सोडा. एवढंच. दुखेल थोडं, ते चालतं, किती चालतं ते पुढे सांगते. ही हालचाल दिसायला इतकी साधी आहे की लोक करतच नाहीत, पण सुजेवर मला सगळ्यात जास्त फरक याचाच दिसला, दुसऱ्या वेळी चौथ्या दिवशी घोट्याचं हाड परत दिसायला लागलं होतं.

या दिवसांत काय करायचं नाही तेही ऐका कारण आपल्याकडे हेच जास्त होतं. चोळायचं नाही. कुणी कितीही अनुभवी चोळणारे असोत, कितीही प्रेमाने आजी म्हणू दे की "दे इकडे, शीर बसवते", पहिले तीन दिवस ताज्या जखमेला आत रगडून रक्तस्राव वाढवायचा नाही. गरम पाण्याचा शेक नाही, दारू नाही. आंबेहळद आणि तुरटीचा लेप लावायची पद्धत घरोघरी आहे, लावायचा असेल तर लावा, माझ्या आईने लावलाच होता, फक्त चटका बसेल इतका गरम नको, आणि लेप वाळेपर्यंत पाय हलवायचा नाही असं म्हणून हालचाल थांबवायची नाही. गोळ्यांचं म्हणाल तर सूज दाबणारी पेनकिलर पहिल्या दोन-तीन दिवसांत शक्यतो नको असं पीस अँड लव्हवाले म्हणतात, कारण तीही तीच दुरुस्ती दाबते, ठणका फार असेल तर पॅरासिटामॉल चालेल का ते आपल्या डॉक्टरांना विचारा, आणि डॉक्टरांनी दुसऱ्या कारणासाठी दिलेलं काही परस्पर बंद करू नका.

आता दुखण्याचं माप. ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे सहनच होत नाही. व्यायाम करताना ३ पर्यंत, फार तर ४ पर्यंत गेलं तर चालतं. त्याच्या वर गेलं की हालचाल छोटी करा, थांबवू नका, छोटी करा. आणि खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो, उठल्यावर पहिली पावलं टाकताना कालच्यापेक्षा जास्त दुखतंय किंवा सूज वाढलीये तर काल जास्त झालं, आज निम्मं करा. सारखंच आहे किंवा कमी आहे तर थोडं वाढवा. मला फिजिओंनी वही करायला लावली होती, सकाळचा आकडा लिहायचा, आणि खरं सांगते त्या वहीने माझी भीती गेली कारण रोज वाटायचं काहीच फरक नाही आणि वही बघितली की ६ चे ३ झालेले दिसायचे.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून अक्षरं लिहायची. पाय अधांतरी ठेवून अंगठ्याने हवेत अ आ इ ई पासून ज्ञ पर्यंत. गुडघा हलवायचा नाही, फक्त घोटा. आपल्या अक्षरांत इतके गोल आणि वळणं आहेत की घोटा सगळ्या दिशांना फिरतो, "ळ" आणि "क्ष" ला तर जास्तच, सुरुवातीला अक्षरं बारीक काढा आणि रोज थोडी मोठी. दिवसातून तीनदा.

चालणं लवकर सुरू करा पण नीट चाला. लंगडत शंभर पावलं टाकण्यापेक्षा टाच आधी टेकवून मग चवडा, अशी वीस पावलं टाकलेली बरी, कारण लंगडायची सवय लागली की कंबर आणि दुसरा गुडघा दुखायला लागतो. काठी घ्यायची तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, डावा पाय दुखतोय तर काठी उजव्या हातात. हे उलटं करणारे खूप जण बघितलेत. काठी घ्यायला लाजू नका, चार दिवस काठीने सरळ चाललात तर ती लवकर सुटते.

लवकर हलवल्याने काय होतं हे बघायला उत्तर आयर्लंडमध्ये एक अभ्यास झाला होता, २०१० मध्ये छापून आला, १०१ जण होते. निम्म्यांना पहिल्याच आठवड्यात व्यायाम दिले, बाकीच्यांना नेहमीची पद्धत. बर्फ दोन्हीकडे होता हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, म्हणजे तो अभ्यास बर्फाबद्दल नाही, हालचालीबद्दल आहे, आणि व्यायामवाल्यांचा पाय पहिल्या दोन आठवड्यांत जास्त चांगला चालायला लागला. पण उलट बाजूही आहे. ब्रिटनमध्ये २००९ मध्ये ५८४ जणांवर अभ्यास झाला, ज्यांचा पाय इतक्या जोरात मुरगळला होता की तीन दिवसांनीही वजन टाकता येत नव्हतं असे, आणि त्यांच्यात १० दिवस गुडघ्याखालचं प्लास्टर घातलेल्यांची तब्येत नुसत्या पट्टीवाल्यांपेक्षा लवकर सुधारली. म्हणजे डॉक्टरांनी तुमचा पाय बघून दहा दिवस प्लास्टर सांगितलं असेल तर हे वाचून ते कापून काढू नका. मी जे सांगतेय ते साध्या आणि मध्यम मुरगळण्याचं आहे.

साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून, सकाळचा आकडा खाली येत असेल तर, भार वाढवायचा. ओट्याला धरून दोन्ही पायांच्या चवड्यांवर वर जा आणि हळूहळू तीन मोजत खाली या, १० वेळा, मग १५, मग तीन खेपा. वर जाण्यापेक्षा खाली येणं महत्त्वाचं, धपकन टाच आपटू नका. जुनी ओढणी किंवा टॉवेल पंज्याला अडकवून दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढा, पोटरी ताणली जाईपर्यंत, ३० सेकंद. मग तीच ओढणी किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, थेराबँड (व्यायामाचा रबरी पट्टा) असेल तर उत्तम, पलंगाच्या पायाला बांधा आणि पंजा त्याच्या विरुद्ध ढकला, आत, बाहेर, वर, खाली. बाहेरच्या दिशेला सगळ्यात जास्त करा, कारण पोटरीच्या बाहेरच्या कडेचे जे स्नायू आहेत तेच पाय आत वळायला लागला की त्याला पकडून ठेवतात.

आणि भिंतीची टेस्ट. भिंतीसमोर पाऊल ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा, टेकला तर पाऊल एक सेंटिमीटर मागे, परत. टाच उचलल्याशिवाय जास्तीत जास्त किती लांबून गुडघा टेकतो ते दोन्ही पायांचं मोजा. माझं पहिल्या दिवशी उजवा ११ आणि डावा ४ होता. हाच तो कोन जो उकिडवं बसायला, भारतीय संडासला, गडाचा उतार उतरायला लागतो. जो पाय या टेस्टमध्ये कमी पडतो त्याला ती टेस्टच व्यायाम म्हणून द्या, रोज २० वेळा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि सगळ्यात जास्त सोडून दिलं जाणारं. तोल. लिगामेंट म्हणजे नुसती दोरी नाही, पाय किती वाकलाय हे मेंदूला सांगणाऱ्या मज्जातंतूंची टोकं त्यात असतात, ती दुखावली की खबर उशिरा जाते, तोपर्यंत पाय वळून झालेला असतो. एकदा मुरगळलेला पाय परत परत मुरगळतो तो या कारणाने, आणि सूज गेली की लोक समजतात झालं बरं. मीही गेटसमोर परत पडले तेव्हा सूज दोन वर्षांपूर्वीच गेलेली होती. म्हणून एका पायावर उभं राहायचं. सुरुवातीला ओट्याला बोट टेकवून, दुखऱ्या पायावर, चहाला उकळी येईपर्यंत. ते जमलं की हात सोडून. मग डोळे मिटून, हे फार अवघड आहे, जवळ धरायला काहीतरी ठेवाच. मग घडी घातलेल्या चादरीवर किंवा उशीवर उभं राहून. मग एका पायावर उभं राहून कुणाला तरी बॉल टाकायला सांगा, म्हणजे लक्ष दुसरीकडे गेलं तरी पाय स्वतःचं काम करायला शिकतो.

तिसऱ्या आठवड्यापासून पुढे एका पायाने चवड्यावर वर जाणं, पायरीच्या कडेला चवडा ठेवून टाच खाली सोडणं, जिना हळू उतरणं. सपाट रस्त्यावर अर्धा तास न दुखता चालता आलं की मग पळायचं, तेही एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला असं. जेवणात डाळी, अंडी, दूध नीट असू द्या, झोप पूर्ण घ्या, सिगारेट ओढत असाल तर निदान हे दोन महिने तरी नको, त्याने जखम भरायला वेळ लागतो.

परत खेळायला किंवा ट्रेकला कधी जायचं हे कॅलेंडर बघून ठरवू नका. लंगडी घालून बघा. खरीच लंगडी, लहानपणी खेळायचो ती, दुखऱ्या पायावर पुढे, मागे, दोन्ही बाजूंना १०-१० उड्या. न दुखता आणि न डगमगता झाल्या, एका पायाने चवड्यावर जाणं दुसऱ्या पायाइतक्या वेळा जमलं, आणि भिंतीच्या टेस्टमधला फरक एक-दोन सेंटिमीटरवर आला, की जा. मी आधी पर्वतीच्या १०३ पायऱ्यांवर आठवडाभर चढ-उतार केले, चढणं पहिल्या दिवशी जमलं, उतरणं पाचव्या दिवशी, मग सिंहगड. चढताना दम लागतो पण घोट्याची परीक्षा उतारावर असते, थकलेल्या पायाने, त्यामुळे पहिला गड असा निवडा जिथे उतरायला घाई करावी लागणार नाही. मुरमाड उतारावर पावलं छोटी टाका, गुडघे थोडे वाकलेले. लिगामेंट आतून घट्ट व्हायला कित्येक महिने जातात, म्हणून पहिलं वर्षभर ट्रेकला किंवा खेळायला अँकल ब्रेस (घोट्याला आधार देणारा पट्टा) घालते मी, घरी आणि ऑफिसात नाही.

पोटरी एकदम सुजली, गरम आणि लाल झाली, दाबली की दुखते, किंवा दम लागायला लागला तर हे रक्ताच्या गुठळीचं असू शकतं, लगेच हॉस्पिटल. आणि दोन आठवडे नीट करूनही सकाळचा आकडा खाली येतच नसेल, किंवा घोट्याच्या वर, दोन हाडांच्या मधे दुखत असेल तर फिजिओला किंवा ऑर्थोला दाखवा, तो वेगळा प्रकार असतो आणि त्याला वेळ जास्त लागतो.

तोलाचा व्यायाम मी अजून बंद केलेला नाही. दात घासताना करते, वरचे दात डाव्या पायावर, खालचे उजव्या.